सीताबर्डीच्या चौकाला ज्यांचं नाव आहे, ते डॉ. मुंजे 1931 ला मुसोलिनीला भेटून आले होते

कुही, उमरेड, भिवापूर या पट्ट्यातून कामासाठी नागपूरला येणाऱ्या माणसाचा पाय सीताबर्डीला लागतोच. मेट्रोची ऑरेंज लाइन सोडून ॲक्वा लाइन पकडायची तर गाडी इथंच बदलावी लागते. हे स्टेशन ज्या चौकात आहे त्याचं नाव मुंजे चौक. रोज हजारो लोक तिथून जातात. मुंजे कोण होते, असं विचारलं तर कुणी स्वातंत्र्यसैनिक म्हणेल, कुणी हिंदू महासभेचे नेते म्हणेल. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलशी त्यांचं नाव जोडणारेही भेटतील. ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

पण त्यांच्या आयुष्यात एक दिवस असा आहे की तो आजच्या बातम्या बघताना हटकून आठवावा. सध्या मोबाइल उघडला की ट्रम्प यांच्या सभा दिसतात, इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी दिसतात, जर्मनीतला एएफडी नावाचा पक्ष दिसतो. देश आधी, बाहेरचे लोक नकोत, कणखर नेता पाहिजे, ही भाषा अमेरिका-युरोपातली असली तरी तिचे व्हिडिओ कुहीच्या बसस्टँडवर बसलेल्या पोरापर्यंत पोहोचतात आणि त्याखाली मराठीत कमेंटाही पडतात. आपल्यालाही असाच नेता पाहिजे, ही त्यातली नेहमीची कमेंट.

साता समुद्रापलीकडच्या राष्ट्रवादाचं आपल्या माणसाला एवढं आकर्षण का वाटतं? हा प्रश्न रील्सच्या जमान्यातला वाटतो, पण तो जुना आहे. 19 मार्च 1931 रोजी नागपूरचा एक डोळ्यांचा डॉक्टर रोममधल्या पॅलाझ्झो व्हेनेझियामध्ये बेनितो मुसोलिनीसमोर बसला होता. इटलीतलं जे जे पाहिलं ते आपल्याला फार आवडलं, हे त्यानं मुसोलिनीला समक्ष सांगितलं. त्या डॉक्टरचं नाव बाळकृष्ण शिवराम मुंजे.

मुंजेंचा जन्म 12 डिसेंबर 1872 चा, बिलासपूरचा. आज बिलासपूर छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा ते मध्य प्रांतात होतं. घर देशस्थ ब्राह्मणाचं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून 1898 ला ते डॉक्टर झाले आणि मुंबई महापालिकेत नोकरीला लागले. त्या काळात एवढं मिळालं की माणूस आयुष्यभर स्वस्थ बसायचा. मुंजे बसले नाहीत. 1899 ला दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा सैन्याच्या वैद्यकीय पथकातून ते तिकडं गेले.

गंमत म्हणजे याच युद्धात मोहनदास गांधी नावाचे एक वकीलही जखमी सैनिकांना स्ट्रेचरवरून वाहून नेत होते. एकाच युद्धातून दोघांनी घेतलेले धडे मात्र फार वेगळे निघाले. मुंजे परतले ते एक गोष्ट मनाशी पक्की करून. मूठभर बोअर शेतकरी बंदूक चालवता येते म्हणून साम्राज्याला घाम फोडतात आणि तीस कोटींचा देश बंदूक हातात नाही म्हणून गप्प बसतो, असं त्यांचं मत झालं. पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा याच मतानं ठरवली.

या मताला कारणंही होती. 1878 च्या शस्त्र कायद्यानं सर्वसामान्य भारतीयाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली होती. त्यातच 1857 नंतर इंग्रजांनी लढवय्या जातींचा सिद्धांत आणला. पंजाबी, गुरखा, पठाण हे लढवय्ये, बाकीचे नाहीत, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. शिवाजी महाराजांच्या काळापासून लढत आलेल्या महारांची भरतीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाली. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा एकेकाळी बंगालपर्यंत धडकत होत्या, आणि त्याच नागपूरच्या मुलांना आता सैन्यात दारच नव्हतं. हा अपमान मुंजेंच्या डोक्यात बसला होता.

नागपुरात त्यांनी डोळ्यांचा दवाखाना थाटला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव होतं. नेत्रचिकित्सेवर त्यांनी चक्क संस्कृतमध्ये ग्रंथ लिहिला. ब्राह्मण असूनही ते मांस खायचे, शिकारीला जायचे आणि हिंदूंनी मांस खावं, अंग कमवावं, असा उघड प्रचार करायचे. त्या काळच्या नागपुरात हे काही कमी धाडसाचं नव्हतं.

राजकारणात ते टिळकांचे. 1907 चं काँग्रेस अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं, पण इथं जहाल आणि मवाळ यांची एवढी जुंपली की ते सुरतेला हलवावं लागलं. सुरतेत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंजे तिथंही टिळकांच्या बाजूनं उभे होते.

याच काळात त्यांच्या घरी एका अनाथ, हुशार पोराचं येणं-जाणं सुरू झालं. प्लेगमध्ये आईवडील गेलेलं हे पोर म्हणजे केशव बळीराम हेडगेवार. 1910 ला हेडगेवार डॉक्टरकी शिकायला कलकत्त्याला गेले ते मुंजेंच्या पुढाकारानं. पुढे 1925 च्या दसऱ्याला हेडगेवारांनी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू केला. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1920 च्या ऑगस्टमध्ये टिळक गेले. डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला होतं. गांधींच्या हाती सगळी सूत्रं जाऊ नयेत म्हणून मुंजेंनी पाँडिचेरीला अरविंद घोषांना अध्यक्ष होण्याची गळ घातली. अरविंदांनी नकार कळवला. अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला आणि टिळकांच्या माणसांची काँग्रेस गांधींची झाली. मुंजे पुढची काही वर्षं स्वराज्य पक्षातून प्रांतिक कौन्सिलात लढले. नंतर न. चिं. केळकर, जयकर यांच्यासोबत प्रतिसहकाराच्या वाटेला गेले. पण त्यांचं मन आता दुसरीकडे लागलं होतं.

मलबारमध्ये 1921 ला मोपल्यांचा उठाव झाला. त्यात हिंदूंवर अत्याचार झाले, सक्तीची धर्मांतरं झाली. मुंजे स्वतः तिकडं गेले, माहिती गोळा केली. 1923 ला नागपुरातच मशिदीसमोर वाजंत्री वाजवण्यावरून तंटा झाला, दिंड्या निघाल्या. 1927 च्या सप्टेंबरमध्ये महाल भागात मोठी दंगल झाली. त्याआधी बंगालमधून एक कल्पना देशभर फिरत होती. हिंदू ही संपत चाललेली जमात आहे, जनगणनेत तिचा टक्का घसरतोय, ही ती कल्पना. 1909 ला यू. एन. मुखर्जी यांनी ती मांडली होती आणि महासभेच्या सभांमधून ती पुढेही बोलली जायची.

इथं क्षणभर युरोपकडे बघायला हरकत नाही. फ्रान्समध्ये रेनो कामू नावाच्या लेखकानं 2011 ला असा दावा केला की गोऱ्या युरोपियनांची जागा बाहेरून आलेले लोक पद्धतशीरपणे घेत आहेत. आज युरोप-अमेरिकेतल्या उजव्या राजकारणात हा दावा वेगवेगळ्या रूपात ऐकू येतो. शंभर वर्षांचं अंतर आहे, देश वेगळे, धर्म वेगळे, पण धास्ती एकच आहे. संख्येनं जास्त असलेल्या समाजाला आपण कमी होतोय असं वाटायला लागलं की आकडेवारी काय सांगते हे बघायला फारसं कुणी थांबत नाही. मुंजेही थांबले नाहीत. 1927 ला ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा देशात हिंदू जवळपास 70 टक्के होते.

त्यांचा आपल्याच समाजावरचा आरोप मात्र वेगळा होता. हिंदू कमी आहेत यापेक्षा ते विस्कळीत आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. जातीजातीत वाटलेले, शिस्त नसलेले, मार खाऊन घरी येणारे. हे एकदा धरलं की उपाय काय तो उरतोच. सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं. ते कसं करायचं, हे दाखवणारा नमुना त्यांना पाहिजे होता.

तो त्यांना इटलीत सापडला, यात मराठी वाचकाला फार नवल वाटायला नको. आपल्याकडे इटलीचं कौतुक मुसोलिनीच्या कितीतरी आधीपासून होतं. तुकड्यातुकड्यांत विभागलेला, परक्यांच्या टाचेखालचा देश 1870 पर्यंत एक झाला, ही गोष्ट पारतंत्र्यातल्या माणसाला भुरळ घालणारच. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं पुण्या-नाशिकच्या तरुणांच्या तोंडी होती. सावरकरांनी मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं ते 1907 ला, आणि इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. त्यामुळे 1922 ला मुसोलिनी सत्तेवर आला तेव्हा बऱ्याच मराठी वाचकांना तो मॅझिनीचा पुढचा अध्याय वाटला. वास्तविक मॅझिनी प्रजासत्ताकवाला होता, पण एवढा फरक कोण करतो! केसरीत इटलीवर लेख येत राहिले. केसरीचे लंडनचे बातमीदार द. वि. ताम्हणकर यांनी 1927 ला मुसोलिनी आणि फॅसिझमवर मराठी पुस्तकही लिहिलं.

त्या लेखनाचा सूर साधारण असा होता की युद्धानंतर इटलीत संप, बेकारी, मारामाऱ्या, रोज पडणारी सरकारं असा गोंधळ होता आणि एका माणसानं येऊन घडी बसवली. हे म्हणणारे मराठी लोक एकटे नव्हते. चर्चिलनं 1927 ला रोममध्ये मुसोलिनीची तारीफ केली होती. रवींद्रनाथ टागोर 1926 ला त्याचे पाहुणे होते. पाहुणचार घेताना ते चांगलं बोलले, इटलीबाहेर पडल्यावर खरी हकिगत कळली तेव्हा त्यांनी जाहीरपणे फॅसिझमवर टीका केली.

1930 च्या शेवटी लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. काँग्रेसचा बहिष्कार होता. हिंदू महासभेच्या बाजूनं मुंजे गेले. तिथं संरक्षणाच्या उपसमितीत त्यांनी आपला आवडता विषय लावून धरला. भारतीय अधिकारी भारतातच घडवा, त्यासाठी इथं लष्करी कॉलेज काढा. ही मागणी मान्य झाली. पुढे त्यासाठी जी समिती नेमली तिच्यातही ते होते आणि 1 ऑक्टोबर 1932 ला डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी 40 कॅडेट घेऊन सुरू झाली. आज तिथून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यांमागे ज्या अनेकांचे प्रयत्न आहेत त्यात मुंजे आहेत. ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात भरीव कामगिरी, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

परिषद जानेवारी 1931 मध्ये संपली. मुंजे लगेच घरी आले नाहीत. युरोप बघायला निघाले आणि मार्चच्या मध्याला इटलीत पोहोचले. तिथं त्यांनी पर्यटकासारखी चर्च आणि पुतळे बघण्यात वेळ घालवला नाही. लष्करी कॉलेज, शारीरिक शिक्षणाच्या संस्था आणि मुख्य म्हणजे बालिला संघटना त्यांनी पाहिली.

बालिला हे एका पोराचं टोपणनाव. 1746 मध्ये जिनोव्हा शहरात ऑस्ट्रियन सैनिकांवर पहिला दगड फेकणारा मुलगा म्हणून तो इटलीत प्रसिद्ध होता. फॅसिस्ट सरकारनं 1926 ला मुलांची संघटना काढली आणि तिला त्याचं नाव दिलं. 8 ते 14 वर्षांची मुलं बालिला, 14 ते 18 ची अवांगार्दिस्ती. काळा शर्ट, कवायत, संचलन, खेळ, लाकडी बंदुका, आणि दर थोड्या वेळानं नेत्याचा जयजयकार. मुंजेंना ही मुलं ताठ मानेनं, एका तालात चालताना दिसली. श्रीमंताचं कोण आणि गरिबाचं कोण, गणवेशात कळत नव्हतं. जातींच्या उतरंडीतून आलेल्या माणसाला यात काय दिसलं असेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

19 मार्चलाच मुसोलिनीची भेट झाली. या भेटीचं सविस्तर वर्णन मुंजेंनी आपल्या डायरीत लिहून ठेवलं. मुसोलिनी उठून सामोरा आला, संस्था कशा वाटल्या असं विचारलं, लंडनच्या वाटाघाटींची चौकशी केली. मुंजेंनी संस्थांची मोकळेपणानं स्तुती केली आणि भारतालाही अशा संघटनांची गरज आहे, असं सांगितलं. डायरीत त्यांनी मुसोलिनीच्या चेहऱ्यापासून वागण्यापर्यंत सगळ्याचं कौतुक केलंय. युद्ध आणि कणखरपणा हिंदूंनी या माणसाकडून शिकावा, असा त्या लिखाणाचा एकूण भाव आहे.

आता त्यांना काय दाखवलं गेलं नाही, ते पाहू. 1924 ला मुसोलिनीविरुद्ध संसदेत बोलणारा समाजवादी खासदार जाकोमो मातेओत्ती याला पळवून नेऊन मारलं होतं. 1926 पासून दुसऱ्या सगळ्या पक्षांवर बंदी होती. अंतोनियो ग्राम्शी हा खासदार त्याच वर्षापासून तुरुंगात होता. मुंजे परत गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, मे 1931 मध्ये, जगप्रसिद्ध संगीतकार तोस्कानिनी यांना बोलोन्यात मारहाण झाली. कारण काय, तर मैफलीत फॅसिस्टांचं गाणं वाजवायला त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी विद्यापीठातल्या सगळ्या प्राध्यापकांना फॅसिझमशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे 1,200 प्राध्यापकांपैकी नकार देणारे जेमतेम 12 निघाले.

यातलं जुनं ते मुंजेंना अजिबात माहीत नव्हतं, असं मानणं अवघड आहे. ते वृत्तपत्रं वाचणारे, कौन्सिलात विरोधी बाकावर बसलेले, सरकारवर तोंडावर टीका करणारे नेते होते. आत्ताच लंडनला जबाबदार राज्यपद्धती मागून आले होते. इटलीत असते तर त्यांच्यासारख्या विरोधी पुढाऱ्याची रवानगी थेट तुरुंगात किंवा एखाद्या बेटावर झाली असती. तरीही त्यांना रांगा दिसल्या, रांगेबाहेर काढलेली माणसं दिसली नाहीत. घरून निघतानाच त्यांचा प्रश्न ठरलेला होता आणि इटलीनं त्याला कवायत करणारं उत्तर दिलं.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की तेव्हा मुसोलिनीच्या दारात जाणारे भारतीय नेते ते एकटे नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना गांधी त्याला भेटले. रोमाँ रोलाँ यांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी गेले. गांधींनाही त्याच्या काही सुधारणा बऱ्या वाटल्या, पण त्यातली सक्ती त्यांना खुपली. सुभाषचंद्र बोस त्याला एकापेक्षा जास्त वेळा भेटले. नेहरूंचा किस्सा वेगळा. मार्च 1936 मध्ये पत्नीच्या निधनानंतर घरी परतताना त्यांना रोममध्ये मुसोलिनीच्या भेटीचं निमंत्रण होतं, आग्रहही बराच झाला. त्यांनी भेट नाकारली. मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. ऑक्टोबर 1935 ला इटलीनं अबिसीनियावर हल्ला केला होता, म्हणजे एका गोऱ्या देशानं काळ्या लोकांचा स्वतंत्र देश गिळायला घेतला होता.

दुसऱ्याच्या राष्ट्रवादाचं कौतुक करणाऱ्याची इथं गोची होते. त्या राष्ट्रवादात आपली जागा कुठं, हे विचारायचं राहून जातं. अमेरिकेत 1923 ला भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं भारतीय माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. पुढच्या वर्षीच्या कायद्यानं आशियातून येणाऱ्यांसाठी दारं जवळपास बंदच केली. इटलीनं 1938 ला वंशाचे कायदे केले. बालिलाच्या रांगेत आपल्या मुलाला कुणी उभं केलं असतं का, हा प्रश्न मुंजेंच्या डायरीत येत नाही. त्यांना तो नमुना फक्त उचलून आणायचा होता.

नागपूरला परतल्यावर ते त्याच कामाला लागले. 1934 च्या जानेवारीत नागपुरात फॅसिझम आणि मुसोलिनी याच विषयावर एक परिषद झाली, हेडगेवार अध्यक्ष होते आणि समारोप मुंजेंनी केला. ही माहिती इटालियन संशोधक मार्झिया कासोलारी यांनी मुंजेंच्या डायऱ्या आणि इंग्रजांच्या दप्तरातून काढून 2000 साली प्रसिद्ध केली आणि मोठा वाद झाला. संघाची रचना इटलीवरून घेतली, असा निष्कर्ष अनेकांनी त्यावरून काढला. इथं ते 1925 साल आठवायचं. शाखा सुरू झाली तेव्हा मुंजेंनी रोम पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे मुळात नक्कल केली, हे म्हणणं टिकत नाही. वाढीच्या काळात तिकडच्या कल्पनांचा प्रभाव पडला का, यावर मात्र अभ्यासकांत अजून वाद आहे आणि संघ तो आरोप मानत नाही. मुंजेंच्या स्वतःबद्दल असा वाद नाही. त्यांनी आपलं आकर्षण स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय.

त्यांचा सगळा आराखडा अडला तो एका ठिकाणी. इटलीतल्या पोरांना एका गणवेशात उभं करणं सोपं होतं. इथं रांग लावायची तर आधी शेजारी उभं राहणारा शिवला तर चालेल का, हे ठरवावं लागत होतं. 1932 च्या सुरुवातीला मुंजेंनी मद्रासचे अस्पृश्य नेते एम. सी. राजा यांच्याशी करार केला. संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा, असा तो करार होता. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, त्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते. सप्टेंबरात पुणे करार झाला तो मात्र संयुक्त मतदारसंघांचाच.

1935 ला आंबेडकरांनी येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली. महासभेत खळबळ उडाली. जून 1936 मध्ये मुंजे मुंबईत आंबेडकरांना भेटले. अस्पृश्यांनी मुसलमान किंवा ख्रिस्ती होण्याऐवजी शीख व्हावं, म्हणजे त्यांच्या सवलती राहतील आणि महासभा विरोध करणार नाही, असा मसुदा त्यांनी तयार केला. राजांना पाठिंब्यासाठी पत्र धाडलं. राजा भडकले. आमची माणसं म्हणजे हिशेबातले आकडे आहेत का, अशा रोखानं त्यांनी टीका केली आणि सगळा पत्रव्यवहार छापायला दिला. त्याच वर्षी आंबेडकरांचं जातिव्यवस्थेच्या उच्छेदावरचं न झालेलं भाषण पुस्तकरूपानं आलं होतं. एकाला जात मोडायची होती, दुसऱ्याला जातींना कवायतीत बसवायचं होतं. शेवटी 1956 ला आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली ती नागपुरातच, मुंजे चौकापासून काही किलोमीटरवर.

आणि मतं? राष्ट्रवादाचं आकर्षण किती, हे शेवटी पेटीतच कळतं. 1937 च्या प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा कुही वेगळा तालुका नव्हता, उमरेड तहसिलीतलं गाव होतं. मत फक्त ठरावीक जमीन, कर किंवा शिक्षण असणाऱ्यांना होतं. बहुसंख्य शेतमजुरांना नव्हतंच. पण ज्यांना होतं त्यांनीही मुंजेंचं ऐकलं नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडात 112 पैकी 70 जागा काँग्रेसनं जिंकल्या आणि नागपूरचेच डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. सारा, कर्ज, पिकाचा भाव यावर बोलणारा पक्ष लोकांना जवळचा वाटला. युरोपातही मुसोलिनीनंतर जे उभे राहिले ते बेकारी आणि बुडालेल्या बँकांच्या खांद्यावर चढून आले. आजच्या ट्रम्प यांच्या मतदारांमध्ये बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांतली माणसं आहेत. मुंजेंकडे धास्ती होती, शिस्तीचा कार्यक्रम होता, पण माणसाच्या चुलीबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

त्याच 1937 च्या जूनमध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी त्यासाठी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी काढली होती. साठी ओलांडलेला हा माणूस राजेरजवाड्यांच्या, शेठजींच्या दारात देणग्यांसाठी फिरत होता. नागपूर सोडून नाशिकला शाळेतच त्यांचा मुक्काम वाढत गेला. महासभेची सूत्रं सावरकरांकडे गेली. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर दोघांचंही म्हणणं एकच होतं, हिंदूंनी सैन्यात भरती व्हावं. अशा रीतीनं मुसोलिनीचे चाहते मुंजे त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या सैन्यात पोरांना पाठवत होते. भारतीय तुकड्या इटलीत मोंते कासिनोला लढल्या, त्यात मराठेही होते.

एप्रिल 1945 मध्ये इटालियन बंडखोरांनी मुसोलिनीला गोळ्या घातल्या आणि मिलानच्या चौकात त्याचं प्रेत उलटं टांगलं. त्याच्या अनुयायांनी पुढच्याच वर्षी नवा पक्ष काढला. त्या पक्षाची ज्योतीची खूण आज मेलोनी यांच्या पक्षाच्या चिन्हात आहे.

30 जानेवारी 1948 ला गांधींचा खून झाला. महासभेची माणसं आरोपी होती, संघावर बंदी आली, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्यानंतर महिनाभरानं, मार्चच्या सुरुवातीला, मुंजे वारले. वय 75. त्यांच्या डायऱ्या दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात जाऊन पडल्या.

पोरांना लष्करी शिक्षण मिळावं, हा त्यांचा जन्मभराचा हट्ट होता. ते गेल्यावर काही आठवड्यांतच, एप्रिल 1948 मध्ये, दिल्लीच्या सरकारनं हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा केला. शाळा-कॉलेजात कवायत आली, गणवेश आला, रायफलही आली. भरतीच्या अटींमध्ये धर्म नव्हता, जात नव्हती, आणि जयजयकार करायला कुणी एक नेताही नव्हता.